फौजदाराचं पोट

नदीकडे उतरणाऱ्या त्या लाल मातीच्या वाटेवर कुणाचं पोर दूध ओकायला लागलं, पोट टम्म फुगून किरकिर करायला लागलं, की आया आधी दवाखान्यात धावत नाहीत. दोन्या देल्मिराचं, म्हणजे देल्मिराबाईंचं, दार ठोठावतात. पोट अडकलंय म्हणतात, एम्पाचो झालाय. मग दोन्या पोराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं घालते, पाठीला चुलीतली राख चोळते, माकडहाडाच्या वरची कातडी चिमटीत धरते आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत झटक्याने वर ओढते. टक् असा आवाज आला की पोट सुटलं. नाहीच आला, तर ती पोराला उचलून आईच्या कडेवर देते आणि सांगते, अडकलेलं नाही हे, दुसरंच काहीतरी आहे, वेळ न काढता डॉक्टरकडे जा. या बाबतीत ती मोठी सरळ बाई. नाही त्याला हो म्हणून कुणाला कधी घरी बसवलं नाही.

ते शब्द तिला सासूने दिले होते, नाताळच्या आदल्या रात्री, कारण वर्षात त्या एकाच रात्री ते देता येतात. देताना सासूने दोन अटी घातल्या. शब्द कुणाला ऐकू जाता कामा नयेत आणि कामाचे पैसे घ्यायचे नाहीत. अंडी चालतील, मासा चालेल, रताळ्याच्या वडीचा तुकडा चालेल. पैसा घेतला की हात गेला, संपलं. सासू कडक होती आणि देल्मिरा तिला मेल्यावरही भीत असे.

आता फौजदाराबद्दल. तो बोका. काळा-पांढरा, छातीवर पांढरा पट्टा, आणि चाल अशी की गल्लीत काय चाललंय याची चौकशी करायला निघालाय. शेजारच्या रुफिनोने त्याला होडीतल्या जाळ्याखालून मुठीएवढा असताना काढला आणि भिंतीवरून देल्मिराच्या अंगणात सोडला. तेव्हा देल्मिराचा नवरा आन्सेल्मो जाऊन वर्षही झालं नव्हतं. रुफिनो म्हणाला होता, घे, हा पण दिवसभर झोपतो आणि जेवायला हाक मारावी लागत नाही, तुला फरक कळायचा नाही. देल्मिराने त्याला झाडू फेकून मारला आणि बोका ठेवून घेतला.

पुढे एका मोटरसायकलवाल्याने फौजदाराला उडवलं. वाचला, पण कंबरेचं हाड वाकडं जुळलं आणि आतली वाट अरुंद झाली. तिथून हे पोटाचं दुखणं मागे लागलं. वाळूच्या डब्यात जायचा, पाठीची कमान करून बसायचा, कुंथायचा, आणि काहीच न करता बाहेर येऊन देल्मिराकडे असा बघायचा की जणू चूक तिचीच. मग खाणं सोडायचा. मग ओकायचा. पहिल्या खेपेला देल्मिराला वाटलं केस अडकले असतील. जनावरांच्या डॉक्टर मारिसेलने एक्स-रे काढून दाखवला तेव्हा तिला त्यात बोक्याच्या पोटात दगडांची माळच दिसली. गुंगी देऊन, एनिमा देऊन ते सगळं हाताने मोकळं करावं लागलं. बिल बघून देल्मिरा बाकावर बसलीच. आन्सेल्मोच्या होडीचं इंजिन अंगणात ताडपत्रीखाली होतं, ते विकलं. रुफिनोला वाईट वाटलं, पण तो बोलला नाही, आणि रुफिनो बोलत नाही म्हणजे खरंच वाईट वाटलेलं असतं.

सरबतासारखं औषध सुरू झालं, खाण्यात उकडलेला भोपळा सुरू झाला. तरी पुन्हा झालं. आणि मग आणखी एकदा झालं, तेव्हा विकायला काही उरलं नव्हतं.

फौजदार दवाखान्यात पडलेला असताना यानिना तिचं पोर घेऊन आली. यानिना म्हणजे वरच्या चौकातली केस कापणारी. नवरा लांब तेलविहिरींवर कामाला, हातात पैसा खुळखुळणारा. पोराची कातडी ओढली, टक् झालं, पोर तिथेच ढेकर देऊन झोपलं. यानिनाला रडू फुटलं आणि तिने नोटांची घडी देल्मिराच्या अॅप्रनच्या खिशात कोंबली. असं पूर्वीही पुष्कळांनी केलं होतं. देल्मिरा दर वेळी नोटा काढून परत द्यायची, रागवायची. त्या दिवशी तिने खिशावर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली. यानिना दारातून बाहेर पडेपर्यंत तिचा हात तिथेच होता.

त्याच पैशांनी तिने फौजदाराला सोडवून आणलं. येताना डॉक्टर मारिसेलने तिला बसवून सांगितलं की आतडं ताणून ताणून सैल पडत चाललंय, असं किती वेळा मोकळं करणार. पुन्हा इतकंच भरलं तर नदीपलीकडे सांता फे शहरात नेऊन मोठं ऑपरेशन करायचं, आतड्याचा तो भागच काढायचा. खर्च तिने सांगितला. आणि ते जमणार नसेल, तर त्याला असं तडफडत ठेवण्यापेक्षा शांतपणे जाऊ द्यावं. यातलं देल्मिराला शेवटचंच तेवढं ऐकू आलं.

तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. फौजदार डब्यात गेला की ही दाराआड कान देऊन उभी. वाळू उकरल्याचा आवाज आला की सुटकेचा श्वास. उशीर झाला की दार किलकिलं करून बघायची. पोरं घेऊन आलेल्या बायकांना ती परत पाठवू लागली, खांदा दुखतोय म्हणून. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. तिला भीती होती की कातडी ओढावी आणि आवाजच येऊ नये.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, नदीवरून वाऱ्याची झुळूक नाही अशा दिवसांत, फौजदाराने भोपळा हुंगून तोंड फिरवलं. पाण्याच्या वाडग्याकडेही गेला नाही. संध्याकाळी डब्यात बसला, कुंथला आणि ओरडला. तो ओरडला मात्र, देल्मिरा धावत गेली. तिने त्याच्या पोटाला हात लावून पाहिला. आत खडे हाताला लागत होते.

डॉक्टरकडे न्यायला हवं हे तिला कळत होतं. पण नेलं की डॉक्टर काय म्हणणार तेही माहीत होतं. ऑपरेशनचे पैसे नाहीत म्हटल्यावर उरलं काय? सुई. मग तो टेबलावरून उठणारच नाही. त्यापेक्षा डॉक्टरला कळूच दिलं नाही तर? पोटच अडकलंय ना, मग आपण जन्मभर काय केलं? भीतीने माणसाची बुद्धी अशी चालते, सरळ विहिरीच्या दिशेने.

तिने फौजदाराला टेबलावर पालथं घातलं. राख चोळली. काळी पाठ करडी झाली आणि तो ती चाटायला लागला, त्याला ओरडून थांबवलं. शब्द पुटपुटत तिने शेपटीच्या वरची कातडी धरली आणि ओढली. आवाज नाही. पुन्हा ओढली. नाही. आणि मग तिने जे पाहिलं त्याने तिच्या अंगावर काटा आला. चिमूट सोडली तरी कातडी खाली बसली नाही. राहुटीसारखी तशीच उभी राहिली, आणि मग हळूहळू, नाइलाजाने बसल्यासारखी बसली. एवढ्या वर्षांत तिने असं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आतून काहीतरी धरून ठेवतंय. मला ओळखून, मुद्दाम धरून ठेवतंय.

दुसऱ्या दिवशी तिने फीत काढली. हाही एक प्रकार असतो, आजाऱ्याचं पूर्ण नाव घेऊन फीत कोपरापासून तीनदा मापायची, मापं जुळली नाहीत तर पोट अडकलंय समजायचं. पूर्ण नाव काय घ्यायचं यावर ती अडली आणि शेवटी आपलंच आडनाव लावून ‘फौजदार गाउना’ म्हणाली. मापं जुळली की नाही हेही तिला धड कळेना. फौजदार फ्रिजखाली जाऊन पडला होता, हाक मारली तर शेपटीचं टोकही हलवत नव्हता. ती पुन्हा पुन्हा जाऊन त्याची कातडी ओढून पाही आणि कातडी पुन्हा पुन्हा उभी राही. सासू कुठूनतरी बघतेय असं तिला वाटत राहिलं.

जेवणं उरकून सगळी वस्ती आडवी झाली होती, कुत्रीसुद्धा सावलीला निपचित पडली होती, तेव्हा रुफिनो माते नावाच्या कडू पानांच्या चहाचा तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन भिंतीवरून डोकावला. दोन दिवस देल्मिराने त्याला शिवी घातली नव्हती, म्हणून त्याला शंका आली होती. आत आला, फ्रिजखाली वाकून पाहिलं, आणि थर्मास खाली ठेवला.

“कधीपासून?”

देल्मिरा म्हणाली, होईल बरा, मी ओढलीय कातडी.

“आवाज आला?”

देल्मिराने फीत बोटाला गुंडाळली.

“नाही ना आला? मग लोकांच्या पोरांना काय सांगतेस तू? आवाज नाही आला तर डॉक्टरकडे जा. हे मी चाळीस वर्षं या भिंतीपलीकडून ऐकतोय. का तुझ्या घरात कायदा वेगळा?”

तिथे देल्मिराचा बांध फुटला. ती खुर्चीत बसली आणि सगळं सांगून टाकलं. यानिनाच्या नोटा, खिशावरचा हात, उभी राहिलेली कातडी, सुई. माझा हात गेला रुफिनो, म्हणाली, सासूने सांगितलं होतं आणि मी पैसे घेतले. त्याच्यासाठीच घेतले आणि त्याच्यावरच फिरलं ते.

रुफिनो हसला नाही. तो अशा गोष्टींवर हसणाऱ्यांतला नाही. त्याची स्वतःची पाठ लहानपणी याच टेबलावर देल्मिराच्या सासूने ओढलेली. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “हात गेला असेल तर गेला, बाई. आता बोका कशाला घालवतेस?”

माशांच्या खोक्यात टॉवेल अंथरून त्यांनी फौजदाराला ठेवलं. एरवी खोक्यात घालायचं म्हणजे चार ठिकाणी रक्त निघायचं. आज तो ओल्या फडक्यासारखा आत गेला. देल्मिराने खोकं मांडीवर घेतलं. रुफिनोची गाडी चढावर दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा देल्मिराने देवाला नाही, सासूला हात जोडले.

दवाखान्याला कुलूप होतं. दुपारच्या झोपेच्या वेळी या गावात कशालाही कुलूप असतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहते, म्हणून रुफिनोने घंटीवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. डॉक्टर मारिसेल केस विस्कटलेले, पायात सपाता, कपाळाला आठी अशी खाली आली. खोक्यात डोकावली आणि आठी गेली.

टेबलावर ठेवल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती केली? फौजदाराच्या मानेमागची कातडी दोन बोटांनी धरली, वर ओढली आणि सोडली. कातडी उभी राहिली.

देल्मिराला वाटलं आपल्याला भास होतोय. ती पुटपुटली, तुम्हालाही नाही आला आवाज.

“आवाज कसला? दोन्या, याच्या अंगात पाणी नाहीये. अंग कोरडं पडलं की कातडी अशी उभी राहते, खाली बसत नाही. जितका वेळ उभी, तितकं जास्त कोरडं. हा तर वाळून चाललाय.” ती बोलता बोलता हातात मोजे चढवत होती. “केव्हापासून उभी राहतेय ही?”

पहिल्यांदा ओढली तेव्हापासून, असं देल्मिराला सांगता आलं नाही. इतका वेळ तिला वाटत होतं की कातडीने आपल्याला काही सांगितलं नाही. कातडी सांगतच होती की. तिलाच ते कळलं नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि रुफिनोने तिच्याखाली स्टूल सरकवलं.

आधी पाणी चढवावं लागलं, कारण इतक्या कोरड्या जिवाला गुंगी द्यायला डॉक्टरही धजावत नव्हती. बाहेरच्या बाकावर दोघं बसून राहिली. रुफिनोने माते बनवला आणि दोघांचाही गार झाला. दार उघडलं की देल्मिरा आधी डॉक्टरचे डोळे बघायची, मग हात. ऊन समोरच्या भिंतीवरून सरकून छपरावर गेलं तेव्हा डॉक्टर बाहेर आली. निघालं सगळं, म्हणाली. जीव आहे अजून. देल्मिरा त्या ‘अजून’ शब्दापाशीच अडकली.

मग डॉक्टरने तिला आत नेलं. ऑपरेशनचं मी सांगितलं होतं ते खरंच आहे, म्हणाली, पण त्याआधी एक गोष्ट करून बघू. हा पाणी पीत नाही, म्हणून आतलं सगळं दगड होतं. तर आठवड्यातून दोनदा, घरी, कातडीखाली सलाइन द्यायचं. पिशवी आणि सुया मी देते, ऑपरेशनच्या मानाने काहीच नाही. लागू पडेल का? भरवसा देत नाही. काहींना वर्षानुवर्षं पडतं, काहींना नाही. तुम्हाला करावं लागेल.

देल्मिरा म्हणाली, मला सुई जमायची नाही. आणि मग, बोलायचं नव्हतं तरी बोलून गेली, “माझा हात गेलाय, डॉक्टर. मी पैसे घेतले.”

मारिसेलला समजावून सांगावं लागलं नाही. ती याच गावातली. तिने फौजदाराच्या पाठीवरची राख ओल्या कापसाने पुसली आणि म्हणाली, “मला आजीने तुमच्याकडे आणलं होतं. त्या टेबलाचा वास अजून आठवतो मला, लसणाचा. मी ओरडत होते आणि तुमचा हात हलला नाही.” तिने कातडी चिमटीत धरून उचलली, खाली छोटी राहुटी झाली. “हे बघा. हेच. असंच धरायचं, फक्त या पोकळीत सुई. हात गेला म्हणता, तर पैसे मी रोज घेते. माझा कसा राहिला?”

रुफिनो बाहेरून म्हणाला, तिला सासू नाही म्हणून. देल्मिरा हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

फौजदार घरी आला, खोक्यातून उतरला आणि काही झालंच नाही अशा थाटात अंगण तपासून आला. देल्मिराची झोप मात्र उडालेली. सलाइनची पिशवी कपाटात होती आणि ती त्या कपाटाकडे पाठ करून स्वयंपाक करत होती. ठरलेला दिवस आला. दुपारी, सगळीकडे सामसूम झाल्यावर, रुफिनो टॉवेल खांद्यावर टाकून आला आणि म्हणाला, चला नर्सबाई.

पिशवी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट केली, आन्सेल्मोचा कंदील टांगायच्या खिळ्याला अडकवली. रुफिनोने फौजदाराला टॉवेलात गुंडाळून टेबलावर धरलं. देल्मिराने कातडी उचलली आणि डोळे मिटून सुई टोचली. पाणी वाहायला लागलं, आणि रुफिनोची बाही भिजली. सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती. फौजदार फिसकारला. देल्मिराने सुई काढली आणि ती मागे सरकली, सरकत सरकत चुलीपर्यंत गेली. नाही जमत म्हणाली. सांगितलं होतं मी. तो मरेल माझ्या हातून.

रुफिनोने टॉवेल आणखी घट्ट केला. बाहीतून पाणी टपकत होतं आणि बोका दातओठ खात होता, पण त्याने पकड सोडली नाही. नुसता उभा राहिला.

देल्मिरा बराच वेळ चुलीपाशी होती. मग तिने राखेत बोटं घातली, का घातली ते तिचं तिलाच ठाऊक, आणि अॅप्रनला पुसली. नवी सुई लावली. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरली, जशी जन्मभर धरली तशी. उचलली. ओठ हलले. पूर्ण नाव घ्यायचं असतं, ते तिने घेतलं, फौजदार गाउना. डोळे उघडे ठेवले आणि सुई पुढे ढकलली.

टक्.

आवाज रुफिनोला आला नसेल. तो कानाला ऐकू यावा इतका मोठा नव्हता. देल्मिराच्या बोटांत आला. कातडीतून सुई आत शिरताना एक बारीकसा झटका बसतो, तेवढाच. पिशवीखालच्या नळीत थेंब भराभर पडायला लागले आणि फौजदाराच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा फुगवटा चढत गेला. या वेळी बाहीवर एक थेंबही आला नाही.

“आला,” देल्मिरा म्हणाली.

“काय आला?”

“धर नीट,” ती म्हणाली. “गप्प बस आणि धर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डब्याच्या खोलीच्या दाराआड उभी होती, तळहात दाराला लावून. आत शांत होतं. शांतच होतं. तिने श्वास धरला होता, तो सोडावा लागला आणि पुन्हा धरला. मग वाळू उकरल्याचा आवाज आला, भरपूर, दोन्ही पायांनी, फौजदारी थाटात. देल्मिराने अंगणात जाऊन भिंतीवरून रुफिनोला ती बातमी इतक्या मोठ्याने सांगितली की खालच्या वाटेने नदीवर चाललेले दोन मासेमार थांबून वर बघायला लागले. त्यांना वाटलं कुणाला मुलगा झाला.

डॉक्टरने भरवसा दिलेला नाही. आजही देत नाही. आठवड्यातून दोन दुपारी रुफिनो टॉवेल घेऊन येतो आणि दर वेळी पिशवी खिळ्याला अडकवताना देल्मिराच्या तोंडाला कोरड पडते, कारण हे कधी थांबायचं नाही आणि एक दिवस लागू पडेनासं होऊ शकतं, हे तिला माहीत आहे. बायका पुन्हा पोरं घेऊन येऊ लागल्या आहेत. ती आधी पोराच्या पोटावरची कातडी दोन बोटांनी उचलते, सोडते आणि बघते. उभी राहिली तर टेबलावर घेतच नाही, तशीच दवाखान्यात पळवते. यानिनाने मागे एकदा विचारलं की माझे पैसे कुठल्या कामी आले. देल्मिराने फ्रिजखाली बोट दाखवलं. तिथून एक शेपटी बाहेर आली होती आणि तिचं टोक हलत होतं.